साठ रुपयांची गोळी साडेपाच रुपयांत कशी आली, साहेब?

औषधाच्या पाकिटावर किंमत छापणाऱ्या साहेबांस,

तुमचं नाव पाकिटावर नसतं. गोळीत काय आहे, ती कुठे बनली, कधीपर्यंत घेता येईल, किती तापमानात ठेवायची, हे सगळं बारीक अक्षरांत असतं. किंमतही असते, 'सर्व करांसह'. ती कोणी ठरवली आणि कशाच्या आधारावर ठरवली, एवढंच नसतं. म्हणून हे पत्र बंद पाकिटात न घालता चारचौघांत लिहावं लागतंय.

मला तुम्हाला ११ मार्च २०२५ या तारखेबद्दल विचारायचं आहे. एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधावरचं बोहरिंगर इंगेलहाइम या जर्मन कंपनीचं भारतातलं पेटंट त्या दिवशी संपलं. तोवर ही गोळी साधारण साठ रुपयांना एक मिळत होती. पेटंट संपलं आणि भारतातल्या अनेक कंपन्या तीच गोळी घेऊन बाजारात उतरल्या. कुणाची दहा-पंधरा रुपयांना, आणि एका कंपनीची १० मिलिग्रॅमची गोळी तर ५ रुपये ४९ पैशांना. औषध तेच, मात्रा तीच, शरीरात जाऊन ती काम तेच करते. मग एका रात्रीत नेमकं काय स्वस्त झालं, साहेब? कारखान्याची वीज? कच्चा माल? कामगारांनी पगार घेणं सोडलं का? यातलं काहीच झालं नसेल, तर साठातले साडेपाच रुपये गोळीचे होते आणि उरलेले साडेचोपन्न कशाचे होते, हे एकदा सांगून टाका.

ही काही चैनीची गोळी नाही. ती जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकते, हे तर झालंच. पण हृदयविकार असलेल्या मधुमेहींमध्ये ती हृदयाने होणारे मृत्यू कमी करते, हे २०१५ साली मोठ्या चाचणीत दिसलं. पुढे मूत्रपिंडालाही ती राखते हे सिद्ध झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. म्हणजे जगाने जी गोळी गरजेची ठरवली, ती आपल्याकडे महिन्याला अठराशे रुपयांना विकली जात होती. आणि मधुमेहाच्या माणसाची गोळी कधी एक नसते. सोबत मेटफॉर्मिन असतं, रक्तदाबाची असते, कोलेस्टेरॉलची असते, तीन महिन्यांनी एचबीएवनसीची रक्ततपासणी करायची असते. अठराशे रुपये हा त्या यादीतला फक्त एक आकडा.

'इंडियाब' या आयसीएमआरच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. भारतात मधुमेहाची माणसं दहा कोटींच्या वर आहेत. तुमच्या सादरीकरणात हा आकडा 'बाजारपेठ' म्हणून येतो. कधीतरी सादरीकरण बाजूला ठेवून संध्याकाळी सात वाजता कुठल्याही तालुक्याच्या गावी मेडिकलच्या काउंटरशी उभे राहा. चिठ्ठी पुढे केली जाते, दुकानदार हिशेब सांगतो, आणि मग बाई हळूच विचारते, "सगळी नको, पाचच गोळ्या दिल्या तर चालतील का?" दुकानदार कात्रीने पट्टी कापतो. कात्रीखाली कधी कधी तारखेचाच भाग जातो. पाच गोळ्या दहा दिवस पुरवल्या जातात, एकाडएक दिवस. काही घरांत नवरा-बायको दोघांनाही साखर असते. मग गोळी त्याची चालू राहते आणि तिची थांबते. 'मला तसा काही त्रास नाही' असं ती म्हणते आणि ते खरंही असतं, कारण वाढलेली साखर दुखत नाही.

तुमचा सगळा व्यवहार या एका गोष्टीवर निभावतो. दात दुखला तर माणूस उधारी करूनही डॉक्टरकडे जातो. साखर मात्र आतल्या आत डोळ्याच्या पडद्याची, मूत्रपिंडाची, पायाच्या नसांची खराबी करत राहते आणि बाहेरून काही कळत नाही. पैसे नाहीत म्हणून आज सोडलेल्या गोळीचं बिल आठ-दहा वर्षांनी येतं. पायाची जखम भरत नाही, बोट काढावं लागतं, आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिस करावं लागतं. तेव्हा तुमच्या पाकिटावरच्या किमतीचं नाव कोणी काढत नाही. 'पथ्य पाळलं नाही' असा शेरा मात्र रुग्णावर बसतो.

आणि इथे सरकारलाही एक प्रश्न आहे, तो तुमच्या पत्रातच विचारते. आपल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. ते बसायलाच हवं, त्यावर हजारो माणसं जगतात. पण मूत्रपिंड टिकवणारी रोजची गोळी त्या योजनेत बसत नाही, कारण ती योजना रुग्णालयातल्या उपचारांची आहे. मूत्रपिंड जाईपर्यंत माणसाने स्वतःच्या खिशातून गोळी घ्यायची आणि गेल्यावर सरकारने यंत्राचा खर्च करायचा. हा व्यवहार कोणाच्या सोयीचा आहे?

तुमचं उत्तर मला माहीत आहे. 'संशोधनाला खर्च येतो.' येतोच. नवीन औषध शोधायला वर्षं लागतात, अनेक प्रयोग वाया जातात, हे मी नाकारत नाही. शोधणाऱ्याला त्याचा मोबदला मिळावा हेही मला मान्य आहे. पण मग ज्या औषधांत तुम्ही काहीच शोधलेलं नाही, त्यांचं काय? मेटफॉर्मिन १९५७ पासून मधुमेहावर वापरात आहे. त्याचं संशोधन करणारे कधीच निवर्तले. तरी आज एकाच ताकदीचं मेटफॉर्मिन शेजारशेजारच्या दोन पाकिटांत वेगवेगळ्या किमतींना मिळतं, आणि चिठ्ठीवर ज्याचं नाव लिहिलेलं असतं ते सहसा स्वस्तातलं नसतं.

त्याहून उघड पुरावा तर आता शहराशहरांत फलक लावून उभा आहे. जेनेरिक औषधांची दुकानं छापील किमतीवर साठ टक्के, ऐंशी टक्क्यांपर्यंत सूट देतात. सूट देऊन दुकानाचं भाडं निघतं, कामावरच्या मुलाचा पगार निघतो, मालकाला नफाही सुटतो. शंभर छापून वीसला विकता येत असेल, तर शंभर छापलंच कशाला? ते शंभर कोणाकडून घेतले जातात ते सांगते. ज्याला सुटीबद्दल ठाऊक नाही त्याच्याकडून. रात्री अकराला दवाखान्याच्या खालच्या एकमेव दुकानात उभा असलेल्या माणसाकडून. कांद्याचा भाव किलोमागे दहा रुपयांनी चढला की दिल्लीत बैठका होतात. इथे छापील किंमत खऱ्या किमतीच्या पाचपट असते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते.

कायदा आहे, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि तो मी वाचला आहे. १९९५ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात औषध बनवायला किती खर्च येतो हे बघून त्यावर कमाल शंभर टक्के वाढ धरून किंमत ठरत असे. २०१३ च्या आदेशाने हा पायाच काढून टाकला. आता सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधाची कमाल किंमत ठरवताना बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढतात आणि वर दुकानदाराचे सोळा टक्के घालतात. म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून आधी ज्या किमती लावल्या, त्यांचीच सरासरी ही तुमच्यावरची मर्यादा. गोळी बनवायला किती लागले, हे आता सरकारसुद्धा विचारत नाही. आणि जे औषध यादीत नाही, त्याची किंमत दर वर्षी दहा टक्क्यांपर्यंत वाढवायची तुम्हाला मुभा आहे. यादीत २०२२ मध्ये टेनेलिग्लिप्टिन आलं, इन्शुलिन ग्लार्जिन आलं, त्याचं स्वागत. पण मधुमेहाची औषधं भराभर बदलतात आणि यादी अनेक वर्षांनी एकदा बदलते. या मधल्या वर्षांत किंमत पूर्णपणे तुमच्या हातात असते.

एकदा कोणीतरी हात घालून पाहिला होता. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने जनहिताच्या कलमाखाली यादीबाहेरच्या, मधुमेह आणि हृदयविकारावरच्या शंभराहून अधिक औषधांच्या किमतींना मर्यादा घातली. एकाच औषधाच्या दोन ब्रँडच्या किमतींत एवढं अंतर असणं हे बाजाराचं अपयश आहे, असं प्राधिकरणाचं म्हणणं होतं. तुमच्या संघटना न्यायालयात गेल्या. सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने प्राधिकरणाला या कारवाईमागची मार्गदर्शक सूत्रं मागे घ्यायला लावली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तुमच्या संघटनेची याचिका फेटाळली आणि त्या किमती टिकल्या. पण ज्या सूत्रांच्या आधारे आणखी औषधांना हात घालता आला असता, ती गेली ती गेलीच. न्यायालयात हरूनही तुमचं काम झालं होतं.

साडेचोपन्न रुपये कुठे जातात याचं थोडं उत्तर फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलं. डॉक्टरांना वाटलेल्या भेटवस्तूंचा खर्च प्राप्तिकरातून वजा करून द्या, अशी मागणी घेऊन एक औषध कंपनी तिथपर्यंत गेली होती. न्यायालयाने नकार दिला, आणि या भेटींचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत येतो, तो रुग्णाकडून वसूल होतो, हेही स्पष्ट म्हटलं. त्या खर्चावर करसवलत मागायला कोणाला लाज वाटली नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

आता इन्शुलिन. इथे माझा राग आवरणं मला कठीण जातं.

टाइप १ मधुमेहाच्या मुलाचं शरीर इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही. बाहेरून टोचलं नाही तर ते मूल थोड्याच दिवसांत दगावतं. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळं काढलं, कोलिप यांनी ते शुद्ध केलं. पेटंटवर स्वतःचं नावही घालायला बँटिंग सुरुवातीला तयार नव्हते. १९२३ मध्ये शोधणाऱ्यांनी ते पेटंट टोरांटो विद्यापीठाला दर माणशी एक डॉलर घेऊन देऊन टाकलं. शंभर वर्षांत त्याचं काय झालं? अमेरिकेत १९९६ मध्ये आलेल्या हुमालॉग या इन्शुलिनची बाटली २१ डॉलरला होती, ती २०१९ पर्यंत २७५ डॉलरच्या आसपास गेली. औषध तेच. पुरवून पुरवून टोचणारी तरुण माणसं त्या श्रीमंत देशात मेली. मग मार्च २०२३ मध्ये ते बनवणाऱ्या एली लिलीने किंमत सत्तर टक्क्यांनी उतरवत असल्याचं जाहीर केलं. त्या वेळी सरकारी योजनेचा नवा नियम जानेवारी २०२४ पासून लागू होणार होता, आणि किंमत चढीच ठेवली असती तर परताव्यापोटी कंपनीलाच पैसे मोजावे लागले असते. तिथेही कारखान्यात काही बदललं नव्हतं.

इन्शुलिन बनवायला काय लागतं याचा हिशेब संशोधकांनी २०१८ मध्ये मांडला आहे. नफा धरूनही एका माणसाचं वर्षभराचं मानवी इन्शुलिन ७२ डॉलरपर्यंत आणि नव्या पिढीचं १३३ डॉलरपर्यंत देता येतं. मानवी इन्शुलिनची बाटली आपल्याकडे किंमत नियंत्रणात आहे, म्हणून ती गरिबाला परवडते. पण २०२५ मध्ये नोवो नॉर्डिस्कने भारतात मानवी इन्शुलिनची पेनं आणि त्यांत घालायची कार्ट्रिज बंद करत असल्याचं सांगितलं. बाटली राहील म्हणे. पेनवर हात बसलेल्या सत्तरीच्या आजोबांनी, ज्यांची दृष्टी साखरेनेच मंद झाली आहे, त्यांनी आता पुन्हा सिरिंजवरच्या रेघा मोजायच्या. नाहीतर महागातल्या नव्या इन्शुलिनच्या पेनकडे वळायचं. कंपनीने कोणालाच जबरदस्ती केलेली नाही, फक्त स्वस्त आणि सोयीची वाट बंद केली.

रक्त तपासायच्या पट्ट्यांचंही तेच. यंत्र स्वस्तात मिळतं, कधी फुकटही. पट्ट्या त्याच कंपनीच्या लागतात, दुसऱ्या चालत नाहीत. इन्शुलिनवरच्या मुलाची साखर दिवसातून चार वेळा बघायला डॉक्टर सांगतात. आई दोनदाच बघते आणि रात्री त्याच्या कपाळाला हात लावून घाम आला आहे का ते चाचपते. साखर रात्री उतरली तर मूल झोपेतच बेशुद्ध होऊ शकतं, हे तिला माहीत असतं.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. मधुमेहाच्या प्रत्येक औषधाचा उत्पादन खर्च सरकारला कळवा आणि तो लोकांसमोर ठेवायला हरकत घेऊ नका. दुकानदाराला ज्या किमतीत माल देता, त्याच्या किती पट एमआरपी छापायची याला मर्यादा असावी, ही मागणी जेव्हा पुढे येईल तेव्हा न्यायालयात जाऊ नका. स्वस्त इन्शुलिनचं कुठलंही रूप बंद करायचं असेल तर दोन वर्षं आधी सांगा, म्हणजे दुसऱ्या कोणाला ते बनवता येईल. आणि पेटंट असलेल्या औषधाला भारतातली किंमत लावताना इथल्या निवृत्तिवेतनाचा, इथल्या रोजंदारीचा विचार करा. तो करता येतो हे तुमच्यातल्याच एका कंपनीने दाखवलं आहे: एमएसडीने सिटाग्लिप्टिन २००८ मध्ये भारतात आणलं तेव्हा अमेरिकेतल्या किमतीच्या कितीतरी खाली विकलं होतं. ती किंमतही इथल्या अनेकांना महागच होती, पण हिशेब देशागणिक बदलतो हे त्यातून कबूल झालं.

एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी भारतात दहाएक वर्षं चढ्या भावाने विकली गेली. त्या वर्षांत चिठ्ठीवर ती लिहिलेली असूनही किती जणांनी घेतली नाही, किती जणांनी महिनाभर घेऊन सोडली, याची नोंद कोणत्याही दवाखान्यात नाही. तुमच्याकडे मात्र विक्रीचे आकडे महिन्यागणिक, जिल्ह्यागणिक असतात. ११ मार्चच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी मांडा. मधला जो फरक आहे ती माणसं आहेत, आणि ती आधीही आजारीच होती. ते दोन्ही आकडे जाहीर करा, साहेब. मी वाट बघते आहे.

आपली,
मेडिकलच्या काउंटरशी रांगेत उभी असलेली एक