आठ जीबीचा पोटखराबा

८ जीबी रॅम बसवलेल्या संगणकात लिनक्सच्या कर्नेलला ‘मेमरी किती?’ असे विचारले, तर तो ८ जीबी असे उत्तर कधीच देत नाही. ८ जीबी म्हणजे ८३,८८,६०८ केबी. ‘मेमइन्फो’ नावाच्या फाइलीत पहिल्याच ओळीवर ‘मेमटोटल’समोर जो आकडा येतो, तो यापेक्षा काही लाखांनी कमी असतो. कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्यासारख्या केळीच्या गावात फळपीक विम्याची मुदत संपत आली, की सेवा केंद्रातला संगणक रेंगाळू लागतो. मग हा आकडा कुणाच्या तरी नजरेस पडतो आणि रॅम विकणाऱ्याचा उद्धार सुरू होतो.

वास्तविक रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला या तुटीचे नवल वाटायला नको. त्याच्या हातातल्या सातबाऱ्यावरही एकूण क्षेत्रातून पोटखराबा वजा केल्यावरच लागवडीयोग्य क्षेत्र उरते. खडकावर, नाल्यात आणि कालव्यात केळी लागत नाही. ‘मेमटोटल’ हे नाव एकूण क्षेत्राचे आहे, आकडा मात्र लागवडीयोग्य क्षेत्राचा. नावे ठेवायचीच असतील तर ती हे नाव ठेवणाऱ्याला ठेवावीत.

तपासाची सुरुवात मोजणीपासून करावी लागते. कर्नेल स्वतः साखळी घेऊन शेतात उतरत नाही; संगणक सुरू होताना तो बायोसला विचारतो आणि बायोस ‘ई-८२०’ नावाचा नकाशा हाती देतो. कुठल्या पत्त्यापासून कुठल्या पत्त्यापर्यंतची मेमरी वापरायची, कुठली राखीव, हे त्यात लिहिलेले असते. ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली की हा नकाशा सुरुवातीलाच दिसतो. स्क्रीनसाठी उसनवारी करणारी चिप याच नकाशातून आपला वाटा परस्पर काढून घेते. नकाशातच ८ ऐवजी ४ जीबी असतील तर कर्नेल निर्दोष सुटतो. अशा वेळी रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने घासून परत बसवणे, हा देशभरातल्या दुरुस्तीवाल्यांचा सर्वमान्य उपाय आहे. तो बहुतेक पाठ्यपुस्तकांत नसतो, पण पुष्कळदा लागू पडतो.

जुना बायोस तर उत्तर द्यायलाच असमर्थ होता. मेमरी सांगण्याची त्याची जुनी सोय १६ बिटांच्या जागेत किलोबाइट मोजत असे, म्हणजे ६५,५३५ च्या पुढे त्याला अंकच येत नव्हते. परिणामी १२८ एमबी बसवणाऱ्यालाही ६४ एमबीच दिसत. त्यावर तोडगा म्हणजे संगणक सुरू करतानाच ‘मेम=१२८एम’ असे कर्नेलला लिहून देणे. तेव्हाचा कर्नेल भाबडा; असा फेरफार तो पंचनामा न करता मंजूर करी. म्हणून कुणी हौसेने २५६ लिहिले, तर तो नसलेल्या जमिनीत नांगर घाली आणि कोसळे. उलट ही ओळ जुन्या संगणकातून तशीच नव्यात आली, तर ८ जीबी असूनही १२८ एमबीवर संसार चालतो. तेव्हा ‘सीएमडीलाइन’ ही फाइल उघडून पाहणे स्वस्तात पडते.

नकाशा बरोबर असला, तर उरलेली तूट कर्नेलच्या स्वतःच्या कारभाराची असते. तो मेमरीचे ४,०९६ बाइटांचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यामागे सहसा ६४ बाइटांची नोंद ठेवतो. ८ जीबीचे तुकडे २०,९७,१५२ होतात; त्यांच्या नुसत्या नोंदवहीला १२८ एमबी जातात. तलाठ्याचे दप्तर शेतातच मांडल्यासारखे हे झाले. त्यात कर्नेलचा स्वतःचा कोड आणि कोसळल्यास पंचनाम्यासाठी राखलेली जागा मिळवली, की हिशेब बराचसा लागतो. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवी: सुरुवातीच्या जुळवाजुळवीसाठी घेतलेली जागा तो काम संपताच परत करतो आणि तशी नोंदही छापतो. कार्यालयांच्या इतिहासात हे उदाहरण दुर्मीळ आहे.

पुढचा घोळ मापांचा. १ एकर म्हणजे ४० गुंठे, पण ४०.४७ आर; गुंठा आणि आर एकच समजणाऱ्याला दर एकरी फटका बसतो. इथेही १,००० चा किलो आणि १,०२४ चा किलो वेगळे. १९९८ मध्ये १,०२४ साठी ‘किबी’ हे वेगळे माप ठरले. ‘मेमइन्फो’ मात्र अजूनही केबी लिहून १,०२४ मोजते. ‘फ्री’ या आज्ञेला उत्तर गिगाबाइटमध्ये मागितले, तर ती अपूर्णांक छाटून ७ सांगते. १ जीबीच्या संगणकात तर शून्य येते, म्हणजे कागदोपत्री मालक भूमिहीनच ठरतो. म्हणून उत्तर मेगाबाइटमध्ये मागावे.

शेवटची तक्रार ‘मेमफ्री’ची. एकूण ७८०० एमबीपैकी मोकळे फक्त २०० पाहून घबराट उडते. पण रिकामी पडलेली मेमरी कर्नेलला बघवत नाही. वाचलेल्या फाइली तो तिथे साठवून ठेवतो आणि कुणी जागा मागितली की खुशाल फेकून देतो. पाहायचा आकडा ‘मेमअव्हेलेबल’चा. तो २०१४ मध्ये, ३.१४ या आवृत्तीत आला. त्याआधी लोक मोकळी आणि साठवणीची मेमरी हाताने मिळवत आणि बेरीज फुगलेली येई, कारण प्रोग्रामांनी सामाईक वापरलेली मेमरीही साठवणीतच धरलेली असते आणि ती अशी सहजी फेकता येत नाही.