आप्पा आणि जमिनीखालचे दप्तर

खानदेशातील प्रत्येक तालुक्याच्या गावी, निवृत्तिवेतनाचा पहिला हप्ता हाती पडल्यापासून वर्षभराच्या आत, एका तरी सद्गृहस्थाच्या ठायी भूमिगत द्रव्याविषयी अनिवार जिज्ञासा उत्पन्न होते. पूर्वी अशा जिज्ञासूला पायाळू माणूस, काजळाचे अंजन आणि अमावास्येची रात्र एवढी सामग्री जमवावी लागे. या उद्योगातील अघोरी प्रकारांवर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गदा आणली, आणि आता तर मेटल डिटेक्टर नावाचे यंत्र खोक्यात बंद होऊन थेट घरपोच येते. पायाळू माणसाचा रुसवा काढावा लागत असे. यंत्राची बॅटरी बदलली की भागते.

पारोळ्याच्या या सद्गृहस्थांना गाव आप्पा म्हणते. त्यांची सारी हयात महसूल खात्यात, सातबारे, फेरफार आणि पंचनामे यांच्या सहवासात गेल्यामुळे, ज्या गोष्टीचा कागद नाही ती गोष्ट नाही, असे त्यांचे एक अढळ तत्त्वज्ञान बनले आहे. सोन्याची हाव हा त्यांच्या शोधाचा हेतू आहे असे समजणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. जमिनीच्या वरच्या सर्व वस्तूंची नोंद सरकारदप्तरी झालेली असून खालच्या वस्तूंची मात्र झालेली नाही, ही शासनव्यवहारातील एक गंभीर त्रुटी होय, आणि ती दूर करण्याचे काम निवृत्तीनंतर आपल्यावर येऊन पडले आहे, अशा भावनेनेच त्यांनी यंत्र मागवले.

गावही या छंदाला अनुकूलच. येथील भुईकोट जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ च्या सुमारास बांधला. त्यांच्या नेवाळकर घराण्याचे नाते पुढे झाशीच्या गादीशी जडले. आणि सत्तावनच्या उठावानंतर, १८५९ साली, इंग्रजांनी किल्ला ताब्यात घेतला. आता, जप्ती येणार हे ज्याला आधी कळते तो शहाणा मनुष्य आपली चीजवस्तू पुरून ठेवतो, हे पारोळ्यातील कोणत्याही ओट्यावर निर्विवाद मानले जाते. आप्पांनी मात्र किल्ल्याला कधी यंत्र लावले नाही. ‘सरकारी मिळकत’ या दोन शब्दांपुढे त्यांची जिज्ञासा आजही उभी राहून नमस्कार करते.

२०२५ च्या मार्चमध्ये, ‘छावा’ चित्रपटामुळे बुऱ्हाणपूरच्या दौलतीची कथा पुन्हा लोकांच्या तोंडी झाली, आणि एकेकाळी फारुकी सुलतानांच्या खानदेशात मोडणाऱ्या असीरगडच्या पायथ्याशी माणसे रात्री विजेऱ्या, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन दुसऱ्यांची शेते उकरू लागली. ती दृश्ये दूरदर्शन संचावर पाहून आप्पा खरोखर व्यथित झाले. मोगलांची नाणी परस्पर जातील याचे त्यांना दुःख नव्हते. “एवढी माणसं, आणि एकाच्याही हातात सातबारा नाही!” एवढेच ते म्हणाले, आणि त्या रात्री जेवले नाहीत.

यंत्र म्हणजे एक काठी, तिच्या टोकाला ताटलीएवढे तारेचे वेटोळे आणि मुठीपाशी एक लहानशी पेटी. वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह जमिनीत चुंबकीय क्षेत्र धाडतो. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगी भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात, त्यांचे क्षीण प्रतिक्षेत्र वर परतते, आणि पेटी शीळ घालते. या विद्येचा इतिहास आप्पांनी मोठ्या आस्थेने वाचला आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या देहात रुतलेली गोळी शोधण्यासाठी ग्रॅहॅम बेलसाहेबांनी असेच एक उपकरण आणले, आणि गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांमुळे ते गोंधळले. म्हणजे या छंदाचा श्रीगणेशाच निष्फळतेत झाला. त्यामुळे पुढील सर्व साधकांना केवढा धीर मिळाला असेल!

आप्पांना त्या धीराची गरज पडली. खानदेशची काळी माती कापसाला माउली असली तरी या यंत्राला सावत्र आहे. अग्निजन्य खडक झिजून ती बनलेली असल्यामुळे तिच्यात चुंबकी लोहखनिजाचे कण विखुरलेले असतात, आणि यंत्र जमिनीशी नीट जुळवून घेतले नाही तर ते निष्कारण कुरकुरत राहते. बरे, जुळवून घेतले तरी नाण्याएवढी वस्तू त्याला वीतभर खोलीपर्यंतच कळते; हांड्यांची वदंता नेहमी पुरुषभर खोलीची असते. कपाशी उपटून रान मोकळे झाले की आप्पा डोक्याला उपरणे गुंडाळून बाहेर पडतात, आणि बांधावरून पोरांचा पुकारा येतो, “आप्पा, काय सापडनं?” आप्पा उत्तर देत नाहीत. चौकशी चालू असताना वाच्यता करू नये, हा त्यांचा नोकरीतला दंडक.

सापडते पुष्कळ. बैलाच्या पत्र्या, वखराची झिजलेली पास, ट्रॅक्टरच्या पिना, बाटल्यांची बुचे, आणि गोळ्यांच्या इतक्या रिकाम्या पट्ट्या, की शेजारच्या शिवारातील मंडळींचा रक्तदाब आप्पा आता केवळ भूगर्भीय पुराव्यावरून सांगू शकतात. लोखंडाला गप्प बसवण्याची कळ यंत्राला आहे. पण पातळ ॲल्युमिनियम आणि बारीक सोने यांची शीळ पुष्कळदा सारखीच येते, तेव्हा पट्टी उकरण्यावाचून गत्यंतर नसते. लोखंडाची कळ आप्पांनी कधी दाबलीच नाही. अर्जदार लहान म्हणून त्याचा अर्ज न वाचता फेटाळणे त्यांच्या वृत्तीत बसत नाही. प्रत्येक खिळ्याची नोंद जाड पुठ्ठ्याच्या वहीत होते: अनुक्रमांक, गट नंबर, चतुःसीमा, खोली, वर्णन, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुधा ‘गंज’ असे असते. खिळे मात्र आप्पांच्या पत्नीच्या तुळशीवृंदावनाशेजारी साठत चालले आहेत, आणि मोडवाल्याने दार ओलांडायचे नाही असा हुकूम आहे.

आप्पांच्या उशाशी गुप्तधनाचा १८७८ चा कायदा असतो. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी वर्दी द्यावी, न दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, असे तो सांगतो. तेव्हापासून रुपयाचे काय झाले याची त्याला वार्ता नाही. दहा रुपये तेव्हाही दहा आणि आताही दहाच. दहाहून अधिक किमतीचे काही हाती लागावे आणि आयुष्यात एकदा आपल्या नावाची वर्दी सरकारात जावी, हीच आप्पांची खरी आकांक्षा. एकदा नियती अगदी जवळ आली: यंत्र खणखणले, आणि मातीतून दहा रुपयांचे नाणे निघाले. बरोबर दहा, अधिक नव्हे. कायदा लागू होईना, आणि कोपऱ्यावरचा दुकानदार तर ते नाणेच घेईना.

अखेर गेल्या उन्हाळ्यात धाकट्या भावाच्या शेतात १८३५ चा, कंपनी सरकारचा तांब्याचा पाव आणा निघाला. त्याचे वजन जेमतेम साडेसहा ग्रॅम. मोडीच्या भावाने किंमत दहाच्या आत आणि नाणेसंग्राहकाच्या भावाने बाहेर, अशा पेचात आप्पांनी दोन दिवस काढले, आणि संशयाचा फायदा सरकारला देऊन वर्दीचा मसुदा सिद्ध केला. ‘निधीचे स्वरूप: पैसा. संख्या: एक.’ पुढे जाहीरनामा निघेल, त्यानंतर चार ते सहा महिन्यांच्या आतली तारीख पडेल, आणि त्या दिवशी पैशाच्या मालकाने जातीने अथवा मुखत्यारामार्फत हजर राहावे, अशी सगळी व्यवस्था कायद्यात आहेच. कोणी हजर झाले नाही आणि आपसात ठराव नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा.

येथे धाकटे बंधू जागे झाले. पाव आण्याचा पाव हिस्सा, म्हणजे पाऊण पै. पण वाटणीत बांधावरचा निंब आप्पांकडे गेल्याचे शल्य त्यांच्या मनात वीस वर्षे होते. “मना हिस्सा माले पाहिजे,” ते ओट्यावर उभे राहून म्हणाले. आप्पांचा चेहरा, निवृत्तीनंतर प्रथमच, उजळला. वादी, प्रतिवादी आणि मिळकत, तिन्ही एकत्र आली होती. पैसा बांधाच्या अलीकडे निघाला की पलीकडे, याचा निकाल लागल्याखेरीज हिस्सा ठरवणे बेकायदा होईल, असे त्यांनी बंधूंना प्रेमाने समजावले, चहा पाजला, आणि त्यांच्यासमक्षच सरकारी मोजणीचा अर्ज लिहायला घेतला. मोजणीची फी कोणी भरायची हा मुद्दा तूर्त प्रलंबित आहे.