बाबा एकदम फिट!
पुण्यात ज्येष्ठांसाठीचं संकुल बघायला आलेलं कुटुंब आधी क्लबहाऊस बघतं. माहितीपत्रकातले आजोबा टेनिस खेळत असतात. (त्यांचे गुडघे मात्र किमतीत धरलेले नसतात.)

अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये वृद्धांसाठी रोजच्या जगण्याच्या सहा कसोट्या मांडल्या: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून उठणं, मलमूत्रावर ताबा, जेवण. यातलं काय स्वतःचं स्वतः जमतं, त्यावरून मदत किती लागेल ते कळतं. आपल्याकडे ते व्हिडिओ कॉलवर ठरतं. ‘बाबा एकदम फिट आहेत,’ मुलगा न्यू जर्सीहून सांगतो. बाबा तेव्हा पायजम्याची नाडी बांधून घ्यायला आईला हाका मारत असतात.

रात्री दोनला बाथरूमपर्यंत कोण नेणार? अंथरुणाला खिळलं तर फ्लॅट सोडावा लागेल का? छे, असलं अभद्र कोण विचारणार! मुलगा वायफायचा वेग विचारतो.