एका साहेबाचं क्रियापद

आपल्या नावाचं क्रियापद व्हावं, हे भाग्य थोड्यांनाच लाभतं. आयर्लंडात १८८० साली ते कॅप्टन चार्ल्स बॉयकॉटला लाभलं. हा जमीनदाराचा कारभारी. खंड कमी करा म्हणणाऱ्या कुळांना हुसकावू लागला, तसं गावाने त्याला वाळीत टाकलं. दुकानदार माल देईना, धोबीण कपडे धुवेना, बटाटे काढायला मजूर मिळेना. शेवटी बाहेरून ५० माणसं आली, राखणीला फौज आली. पीक ५०० पौंडांचं, बंदोबस्त १०,०००चा! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

ज्याच्याशी बोलायचंच नाही ठरलं, त्याचं नाव आज जगाच्या तोंडी. आपणही सकाळी मोबाइलवर सिनेमा ‘बॉयकॉट’ करतो आणि रविवारची तिकिटं त्याच मोबाइलवर काढतो.