बदकाने मारले, कोड सांगा

बी.फार्म. होऊन घरी बसलेल्या मुलाला हल्ली सल्ला मिळतो : मेडिकल कोडिंग कर. रुग्ण अमेरिकेतला, डॉक्टर अमेरिकेतला, विमा कंपनीही तिथलीच. पुण्यात एसीत बसून आपण आजाराला फक्त नंबर द्यायचा.

नंबर सत्तर हजारांच्या आसपास आहेत. १ ऑक्टोबर २०१५ला अमेरिकेने आयसीडी-१० ही आजारांची कोडसूची लागू केली, तेव्हापासून बदकाने मारले तर डब्ल्यू ६१.६२. गाय चावली तर एक कोड, गाईने मारले तर दुसरा. जेट इंजिनात ओढल्या गेलेल्या माणसालाही कोड आहे. कोडच्या शेवटी ‘डी’ असेल तर तो पुढच्या तपासणीला आलेला आहे. कसा आला, हे विचारायचे नाही. कोडरने स्वतःच्या मनाने काही गृहीत धरायचे नसते.

कोडरच्या सीपीसी या परीक्षेत पुस्तके उघडायची मुभा आहे, हे ऐकून घरचे निर्धास्त होतात. तीन जाडजूड पुस्तके, शंभर प्रश्न, चार तास. म्हणजे प्रश्नामागे दोन मिनिटे चोवीस सेकंद, पाने उलटण्यासकट. शिवाय कोड दरवर्षी बदलतात, त्यामुळे थोरल्या बहिणीची पुस्तके धाकट्याला चालत नाहीत.

पास झाल्यावर, अनुभव नसेल तर, ‘सीपीसी’मागे ‘ए’ चिकटतो : अप्रेंटिस. तो काढायला सहसा अनुभव हवा, अनुभवाला नोकरी हवी आणि जाहिरातीत बहुधा अनुभवीच हवे असतात. बेकारीलाही कोड आहे, झेड ५६.०. हा मात्र पुस्तक न उघडता आठवतो.