पन्नास वॅटचा दादा

कॉलेजचं रेडिओ केंद्र बघायला गेलात की दार उघडायला तोच येतो. एम. ए. होऊन त्याला नऊ वर्षं झाली, पण किल्ली अजून त्याच्याच खिशात. दिवसभर पतपेढीत पासबुकं भरतो. संध्याकाळी साडेपाचला चपला बाहेर काढून स्टुडिओत शिरला, की आवाज आपोआप दोन पट्ट्या खाली उतरतो. मग "चहा घेणार?" हेसुद्धा तो रात्री अकराच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमासारखं विचारतो.

पगार नाही, पद नाही. मुलं त्याला दादा म्हणतात. प्राचार्य म्हणतात, "अरे, तू अजून इथेच?"

आर.जे. व्हायला आलेल्या पोराला माइकच्या आधी इतिहास मिळतो. शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी देणारं धोरण २००२ चं, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं १ फेब्रुवारी २००४ ला, स्वयंसेवी संस्थांना दार उघडलं २००६ मध्ये. तारखा झाल्या की माइकची फोमची टोपी धुवायला मिळते. "आणि आपला ट्रान्समीटर," दादा छाती काढून सांगतो, "५० वॅटचा!" आजीच्या स्वयंपाकघरातला पिवळा बल्ब ६० चा होता, हे पोराच्या ओठांवर येतं, पण ते गिळतं.

त्याचं खरं दुखणं वेगळंच. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. हवामान, वाहतूक, पाणीपुरवठा, परीक्षांचे निकाल चालतात, बातमी नाही. आणि यंदा कॉलेजमागच्या टेकडीवर बिबट्या दिसला. ही बातमी की सूचना? दादा वीस मिनिटं केंद्राबाहेर येरझारा घालत होता. शेवटी, गुरुवारी पाणी येणार नाही आणि परीक्षेचे अर्ज शनिवारपर्यंत भरावेत, या दोहोंच्या मध्ये त्यानं गंभीरपणे सांगितलं, "टेकडीच्या वाटेवरची वाहतूक काही नैसर्गिक कारणानं धोक्याची झाली आहे. पायी जाणाऱ्यांनी एकट्यानं जाऊ नये." ते नैसर्गिक कारण बघायला अर्धं हॉस्टेल टेकडीवर गेलं. एकट्यानं मात्र कुणी गेलं नाही, हे दादा आजही ऐकवतो.

मार्च उजाडला की स्वयंसेवक परीक्षेच्या नावाखाली गडप होतात. मग दिवाळीतला महिलांचा कार्यक्रम पुन्हा लागतो आणि भर उन्हाळ्यात चकली मऊ का पडते, याची चर्चा चालते. तक्रार येत नाही. दादाच्या मते लोकांना ती आवडते. मी स्वतः दोन वर्षं तिथे निवेदन केलंय, त्यामुळे तक्रार का येत नाही याचा माझा अंदाज थोडा निराळा आहे.

केंद्राची हद्द त्याला सातबारा पाठ असावा तशी पाठ. स्कूटरच्या डिकीत ट्रान्झिस्टर असतो. पेट्रोलपंपापर्यंत आवाज स्वच्छ, मंगल कार्यालयाच्या मागे खरखर, पुलापलीकडे दुसऱ्याच कुणाचं राज्य. लग्न ठरल्यावर त्यानं जागा शोधली तीही अशीच. एजंट गॅलरी दाखवतोय, पूर्वेचं ऊन दाखवतोय, आणि हा एरियल लांब करून बेडरूमच्या कोपऱ्यात उभा. तीन चांगल्या जागा त्यानं खरखरीपायी सोडल्या. चौथीत पाणी एक दिवसाआड, जिना अंधारा, पण ओट्यापाशी रेडिओ खणखणीत. तीच घेतली.

रात्री घरी आला की तो हात धुता धुता विचारतो, "आज आवाज कसा होता?"

"छान होता," वहिनी पोळी लाटत म्हणतात.

ओट्यावरच्या रेडिओचा काटा विविध भारतीवर असतो. दादाला तो दिसतो. तो काही न बोलता पाट मांडतो आणि आवाज थोडा वाढवतो.