बागा आहेत, वाट मोडली

खिदिरपूरजवळ बघण्यासारख्या बागा कुठल्या, असं कोलकात्याला निघालेल्या पाहुण्याने विचारावं आणि यादी ऐकून खूश व्हावं. अलीपूरचं प्राणिसंग्रहालय, १८७६ पासूनचं. बेल्व्हेडिअर, म्हणजे राष्ट्रीय ग्रंथालयाचं तीसेक एकरांचं आवार. विल्यम केरीने १८२० मध्ये काढलेल्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग. हा केरी तोच, ज्याने वैजनाथ पंडितांना हाताशी धरून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापून काढलं. मराठी माणसाने निदान तेवढ्यासाठी तरी त्या बागेत डोकवावं. आणि हुगळीपलीकडे शिबपूरचं बोटॅनिकल गार्डन, १७८७ चं, २७३ एकरांचं.

सगळं खरं. पण यातली एकही बाग खिदिरपूरची नाही.

खिदिरपूर म्हणजे कोलकात्यातली गोदीची वस्ती. तिथे गोदीत राबणाऱ्या, फॅन्सी मार्केटात दुकान मांडणाऱ्या, एका खोलीत पाच जण झोपणाऱ्या माणसाची बाग वेगळी असते. पायात चप्पल सरकवून, खिशात पैसे नसताना, दिवेलागणीनंतर जिथे जाता येतं ती त्याची बाग. प्राणिसंग्रहालयाला तिकीट आहे, संध्याकाळी दार बंद होतं, गुरुवारी तर उघडतच नाही. प्राण्यांना विश्रांती हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण अशा जागेला वस्तीची मोकळी जागा म्हणून कुणी मोजू नये. पुण्यात तरी काय वेगळं? भर उन्हात ज्याला सावली हवी असते, नेमक्या त्याच वेळी कितीतरी बागांना कुलूप असतं. बाग माणसांसाठी की हिरवळीसाठी, हे एकदा ठरवा.

शिबपूरची बाग मुद्दाम वेळ काढून बघावी अशीच आहे. कर्नल रॉबर्ट किडने ती मांडली ती फिरायला नव्हे. कंपनीला मसाले हवे होते, जहाजांसाठी साग हवा होता आणि १७७० च्या दुष्काळात बंगालने जे भोगलं, त्यावर उतारा म्हणून साबुदाण्याची झाडं लावावीत असंही त्याच्या मनात होतं. तिथल्या महावटाचं मूळ खोड बुरशीने पोखरलं म्हणून १९२५ मध्ये काढून टाकलं. आज उभ्या आहेत त्या नुसत्या पारंब्या, हजारोंनी. कोवळ्या पारंबीला बांबूचा आधार देऊन माणसं जमिनीपर्यंत आणतात. ती मातीत रुजली की तीच खांब होते. असं झाड नदीच्या पलीकडे आहे, पण खिदिरपूरच्या पोराला तिथे जायचं तर विद्यासागर सेतू ओलांडून हावडा गाठायचं, पुन्हा शिबपूरची गाडी धरायची. सुट्टीच्या दिवशी ठीक. रोज कोण जाईल?

रोजची बाग होती ‘मैदान’ नावाची शहरातली मोठी मोकळी जागा. आणि मैदानात नेणारी होती ३६ नंबरची ट्रॅम.

ही ट्रॅम साधी नव्हे. कोलकात्याची पहिली विजेची ट्रॅम २७ मार्च १९०२ रोजी धावली ती एस्प्लनेड ते खिदिरपूर. खिदिरपूरहून निघाली की टॉलीच्या नाल्यावरचा पूल ओलांडून हेस्टिंग्ज, तिथून मैदानाच्या कडेने, झाडांखालून. कितीतरी अंतर रूळ गवतातून जात. खिडकीला पोरगं बसवलं की त्याची बाग तिथेच सुरू होई. वाटेत कुठेही उतरा, फुटबॉल खेळा, चणे खा, परतीची ट्रॅम धरा. मे २०२० मध्ये अम्फान चक्रीवादळ आलं, झाडं कोसळली, तारा तुटल्या आणि ३६ नंबर बंद पडली. वादळात तारा तुटतात, त्याला इलाज नाही. पण वादळ एका रात्रीचं होतं. पुढची वर्षं माणसांनी घालवली.

त्यावर कडी २०२४ मध्ये. राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी सांगितलं की शहरातल्या ट्रॅम बंद होतील, वारसा म्हणून एस्प्लनेड ते मैदान एवढाच पट्टा राहील. म्हणजे खिदिरपूरच्या वाटेचाच सुरुवातीचा तुकडा. पाहुण्यांना फेरफटका मारण्यापुरती ट्रॅम ठेवायची आणि जिथली माणसं तिच्यावर विसंबून होती तिथे पोहोचू द्यायची नाही, हा कसला वारसा? जोक्याहून निघणारी मेट्रो पुढेमागे खिदिरपूरला येईल, यायलाच हवी. ती भुयारातून नेईल. झाडाखालून नेणारी गाडी त्याने नको होत नाही.

वस्तीच्या आतही जागा आहेत, करायचं असेल तर. भूकैलासाच्या जुळ्या शिवमंदिरांपाशी शिवगंगा तलाव आहे. ती देवळं बांधणाऱ्या जयनारायण घोषालांच्या काळापासून लोक त्याच्या काठी टेकत आले आहेत. तिथे चार झाडं, दिवे, बायकांना निर्धास्त बसता येईल असे बाक, एवढं पालिकेला सहज जमेल. टॉलीच्या नाल्याचा काठ तर मुळात गंगेच्या जुन्या पात्राचा काठ आहे. त्याला गटार मानणं थांबवलं तर दोन पदपथ तिथेच निघतील.

आणि मैदानापर्यंत ट्रॅम ठेवणारच आहात, तर ती पुढे खिदिरपूरपर्यंत न्या. पहिली गाडी पहाटेची सोडा, शेवटची रात्रीची. भाडं ट्रॅमचंच ठेवा, सहलीचं नको.